पेशी घडविणारे आणि पेशी देणारे

पेशी ही सजीवाची वीट, असे आपण शाळेत शिकलो आणि आज वर्गात उभे राहून शिकवतो. ही वीट निसर्गाच्या भट्टीबाहेर, प्रयोगशाळेत पाडण्याचा उद्योग गेली काही वर्षे अमेरिका, युरोप, जपान, चीन येथे मोठ्या जोमाने चालू आहे. तिला 'कृत्रिम पेशी' म्हणतात. वृत्तपत्रांत तिच्याविषयी अधूनमधून बातमी येते. बातमीत एक तर चमत्कार असतो, नाही तर भय. कर्करोग बरा होणार किंवा जगबुडी होणार. या दोन्हींच्या मध्ये जो प्रश्न आहे तो बातमीत येत नाही. पेशी घडविण्याचा निर्णय कोण घेतो, ती कोणाच्या देहावर तपासली जाते, आणि तयार झालेले औषध शेवटी कोणाच्या दारी पोहोचते? हा प्रश्न विज्ञानाबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. माझ्या मते विज्ञानाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे. फक्त तो लिहिला गेला घडविणाऱ्यांच्या बाजूने. देणाऱ्यांच्या बाजूने तो वाचण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. कृत्रिम पेशीकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट जिवंत जीवाणूला सोलत जाण्याची. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने मे २०१० मध्ये मायकोप्लाझ्मा मायकॉइड्स या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार अक्षरांची डीएनएची साखळी, रसायनांपासून जोडून तयार केली आणि त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या एका जीवाणूच्या पेशीत बसवली. ती पेशी नव्या जनुकसंचाच्या हुकमाप्रमाणे वागू लागली, वाढू लागली. पुढे २०१६ मध्ये याच मंडळींनी त्यातील अनावश्यक भाग छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणून ठेवला. गंमत अशी की या ४७३ पैकी १४९ जनुके नेमके कोणते काम करतात हे त्यांनाही सांगता आले नाही. ती काढली की पेशी मरते, एवढेच कळले. ज्यांना 'जीवनाचे निर्माते' म्हणून वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले त्यांच्या हातातील यंत्राचे जवळजवळ तिसरा हिस्सा सुटे भाग त्यांना अनोळखी होते, हे विसरू नये.

दुसरी वाट तळापासून वर चढण्याची. येथे सुरुवातीला जिवंत असे काहीच नसते. मेदाच्या रेणूंची एक सूक्ष्म पिशवी घ्यायची, तिच्यात प्रथिने तयार करणारी यंत्रणा भरायची, हवा तो डीएनएचा तुकडा घालायचा आणि पिशवीकडून एखादे काम करून घ्यायचे. या वाटेने अजून कोणालाही आपली आपण वाढणारी, विभागणारी, पिढ्या चालविणारी पेशी तयार करता आलेली नाही. पण काम करणाऱ्या पिशव्या झालेल्या आहेत. इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेत २०१८ मध्ये अशा पिशव्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीत सोडण्यात आल्या. तेथे त्यांनी गाठीच्या पेशींना मारणारे विषारी प्रथिन जागच्या जागी तयार केले. दुसरीकडे, पेशीच्या आतील हीच यंत्रणा कागदाच्या चकतीवर वाळवून रोगनिदानाची स्वस्त पट्टी करता येते, हे २०१६ मध्ये झिका विषाणूच्या बाबतीत दाखवण्यात आले. शीतकपाट नाही, वीज नाही अशा आरोग्य उपकेंद्रात अशी पट्टी पोहोचली तर काय होईल, याची कल्पना गडचिरोलीत किंवा धडगावात नोकरी केलेल्या कोणत्याही परिचारिकेला चटकन येईल. रक्तातील साखर ओळखून आपणहून इन्सुलिन सोडणारी पिशवी, हवे तेथेच औषध तयार करणारी पिशवी, अशी स्वप्ने या शास्त्रात बोलली जातात. त्यातील काही खरी होतील. विज्ञानाकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. ज्यांना शतकानुशतके ज्ञानाबाहेर ठेवले त्यांनी ज्ञानाला घाबरावे, याहून प्रस्थापितांना सोयीचे दुसरे काय असणार?

आता इतिहासाकडे वळू.

१९५१ च्या प्रारंभी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री आली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक तुकडा काढून घेतला आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारले नाही. तेव्हा तसे विचारण्याची पद्धतच नव्हती, असे समर्थन केले जाते. पद्धत नव्हती हे खरे. ती कोणासाठी नव्हती, हेही पाहावे. त्या काळी त्या रुग्णालयात काळ्यांचे कक्ष वेगळे होते. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या पेशी मात्र मेल्या नाहीत. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारी ती पहिली मानवी पेशीमालिका ठरली. 'हेला' या नावाने ती जगभर गेली, पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत सर्वत्र वापरली गेली, विकलीही गेली. आपल्या आईच्या पेशी अशा वाढत आहेत हे तिच्या मुलांना १९७३ च्या सुमारास कळले.

याच इतिहासाचे एक पान फारसे वाचले जात नाही. पोलिओ लसीच्या मोठ्या चाचणीसाठी 'हेला' पेशी प्रचंड प्रमाणात लागणार होत्या. त्या तयार करण्याचा पहिला कारखाना १९५३ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत उघडला गेला. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ तेथे एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी वाढवीत होते आणि देशातील सर्व मुलांना वाचवणाऱ्या लसीला हातभार लावीत होते. त्याच टस्कीगीच्या परिसरात त्याच वर्षांत दुसरा एक प्रयोग चालू होता. १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवले होते. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. रोग मरेपर्यंत कसा वाढतो ते पाहायचे म्हणून त्यांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, ते दिले गेले नाही. हा प्रकार उघडकीस आला जुलै १९७२ मध्ये. एकाच गावात, एकाच काळात, तोच समाज विज्ञानाचा कामगार होता आणि विज्ञानाचे जनावरही होता. तिसरी भूमिका, निर्णय घेणाऱ्याची, त्याला कोणी दिली नव्हती.

१९७२ हे साल आपल्याला दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, काळी टोपी, घोषणा येतात. त्या संघटनेने मोफत दवाखाने चालवले आणि १९७१ पासून स्वतःच्या समाजात सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी सुरू केली, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या या आजाराकडे सरकारचे व संशोधकांचे दुर्लक्ष आहे, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी तो भाषणात मांडला आणि सोबत सुई व काचपट्टी घेऊन वस्तीत गेले. मे १९७२ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला, त्यामागे या दडपणाचा वाटा होता. आपण त्यांचे नाव घेतले, आग घेतली, कविता घेतली. ही सुई आणि काचपट्टीही घ्यायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते. कारण सिकलसेल विदर्भातही आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासींत आहे आणि आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे.

आता घडविणाऱ्यांकडे येऊ. एका जीवाचे जनुक कापून दुसऱ्यात जोडण्याची विद्या १९७२-७३ मध्ये हाती आली. खुद्द शास्त्रज्ञच घाबरले. पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने जुलै १९७४ मध्ये काही प्रयोग तूर्त थांबवावेत असे जाहीर आवाहन निघाले, आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे दीडशे जण जमले. कोणता प्रयोग किती धोक्याचा, त्याला किती बंदिस्त प्रयोगशाळा हवी, याची उतरंड त्यांनी ठरवली. शास्त्रज्ञांनी आपल्याच हाताला लगाम घातल्याचे उदाहरण म्हणून असिलोमारचे कौतुक होते, आणि ते काही अंशी रास्त आहे. पण तेथे जमले होते बहुतेक शास्त्रज्ञच, काही वकील आणि पत्रकार. जीवाणू प्रयोगशाळेतून निसटला तर काय, एवढाच प्रश्न तेथे धरला गेला. ही विद्या कोणाच्या मालकीची होणार, कोणासाठी वापरली जाणार, हे चर्चेबाहेर ठेवले गेले. पंक्तीला कोण बसणार हे ठरल्यावर पंक्तीत काय वाढायचे हेही बरेचसे ठरते.

म्हणून मला असिलोमारपेक्षा त्यानंतरच्या वर्षी केंब्रिज येथे जे घडले ते अधिक महत्त्वाचे वाटते. हे केंब्रिज इंग्लंडचे नव्हे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले, हार्वर्ड विद्यापीठाचे गाव. हार्वर्डला आपल्या जीवशास्त्राच्या जुन्या इमारतीत या प्रयोगांसाठी खास प्रयोगशाळा बांधायची होती. इमारत कशी, तर मुंग्यांनी वैतागलेली. ज्या इमारतीत मुंग्या आवरत नाहीत तेथे जीवाणू कसे आवरणार, असे तिथल्याच काही प्राध्यापकांनी विचारले. गावाचे महापौर होते आल्फ्रेड व्हेलुची. कामगार वस्तीतून आलेले, हार्वर्डशी कायम भांडण असलेले. त्यांनी २३ जून १९७६ रोजी नगरसभेत जाहीर सुनावणी ठेवली. नामवंत शास्त्रज्ञांना गावकऱ्यांसमोर उभे राहून, गावकऱ्यांना कळेल अशा भाषेत उत्तरे द्यावी लागली. विद्वानांना तो अपमान वाटला. अडाण्यांनी विज्ञानाची चौकशी करायची म्हणजे काय, असा सूर उमटला. हा सूर आपल्या कानांना नवा नाही.

व्हेलुचींची भाषा भडक होती आणि राजकारणही त्यात होते, हे मान्य केले पाहिजे. पण नगरसभेने पुढे जे केले ते भडक नव्हते. तिने काही महिने प्रयोग थांबवले आणि नागरिकांचे एक मंडळ नेमले. मंडळावर आठ माणसे होती. घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल विकणारा व्यापारी अध्यक्ष. परिचारिकेचे काम करणारी एक जोगीण, एक डॉक्टर, एक बांधकाम अभियंता, वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक, अशी इतर मंडळी. या विद्येत हितसंबंध असलेला जीवशास्त्रज्ञ मुद्दाम घेतला नाही. या लोकांनी महिनोन्महिने, संध्याकाळी आपापली कामे आटोपून, बैठका घेतल्या. प्रयोगशाळा पाहिल्या. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ बोलावून न्यायालयात उलटतपासणी करावी तशी केली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी एकमताने अहवाल दिला. प्रयोग बंद करा असे त्यांनी सांगितले नाही. प्रयोग होऊ द्या, पण सरकारच्या नियमांहून अधिक खबरदारी घ्या, काम करणाऱ्यांना शिकवा, गावाची स्वतःची देखरेख समिती असू द्या, असे सांगितले. ज्ञान कितीही मोलाचे असो, त्यासाठी लोकांवर धोका लादायचा तर त्या लोकांना आधी समजले पाहिजे आणि त्यांनी तो स्वीकारला पाहिजे, असे त्यांच्या अहवालाचे सूत्र होते. फेब्रुवारीत नगरसभेने तसा कायदा केला. पुढे हेच केंब्रिज जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाचे जगातील एक मोठे केंद्र झाले. लोकांना विचारले की विज्ञान अडते, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी केंब्रिजला एकदा जाऊन यावे.

त्याच वेळी दुसरीकडे काय चालले होते? मानवी इन्सुलिन जीवाणूकडून तयार करून घेण्याची शर्यत लागली होती. तोवर मधुमेहाच्या रुग्णाला डुकराच्या किंवा गुराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन मिळे. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट यांना नियमांमुळे मानवी जनुकावरील प्रयोग केंब्रिजमध्ये करता येईनात, तेव्हा १९७८ मध्ये त्यांचे पथक इंग्लंडमधील पोर्टन डाउन या लष्करी संस्थेच्या अतिबंदिस्त प्रयोगशाळेत गेले आणि हात हलवीत परत आले. शर्यत जिंकली १९७६ मध्ये स्थापन झालेल्या जेनेन्टेक या खाजगी कंपनीने. सरकारी नियम होते ते सरकारी अनुदान घेणाऱ्यांना. कंपनीला अनुदान नको होते, आणि तिने जनुक मानवी पेशीतून न घेता रसायनांपासून जोडले होते, त्यामुळे कडक बंधने तिच्या वाटेत आली नाहीत. कृत्रिम वस्तू नियमांच्या जाळ्यातून कशी सुटते याचा हा पहिला धडा. १९८२ मध्ये हे इन्सुलिन बाजारात आले. त्याने कोट्यवधींचे प्राण वाचवले, हे निर्विवाद. आणि किंमत? १९२० च्या दशकात इन्सुलिनच्या मूळ संशोधकांनी आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. अमेरिकेत सुधारित इन्सुलिनची जी कुपी १९९९ मध्ये सुमारे २१ डॉलरला होती ती दोन दशकांत अडीचशे डॉलरच्या पुढे गेली. लोक अर्धी मात्रा टोचून घेऊ लागले. मोठा गदारोळ झाल्यावर २०२३ मध्ये कंपन्यांनी किमती उतरवल्या. जीवाणू तोच, इन्सुलिन तेच. बदलले होते ते मालकीचे गणित.

या मालकीचा पाया दोन निकालांत आहे आणि ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पश्चिम बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत खनिज तेल खाणारा जीवाणू तयार केला होता. जिवंत वस्तूवर पेटंट मिळेल का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की मिळेल, कारण हा जीव माणसाने घडवला आहे. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, जॉन मूर नावाच्या रुग्णाचा खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्याच्या काढून टाकलेल्या प्लीहेच्या पेशींपासून डॉक्टरांनी पेशीमालिका तयार करून तिचे पेटंट घेतले होते. न्यायालय म्हणाले, डॉक्टरांनी आपला आर्थिक हेतू रुग्णाला सांगायला हवा होता. पण देहाबाहेर गेलेल्या पेशींवर रुग्णाचा मालकी हक्क उरत नाही. म्हणजे पेशी घडविणारा तिचा मालक होऊ शकतो आणि पेशी देणारा होऊ शकत नाही. जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक यांचा जुना हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

लॅक्स कुटुंबाने हा हिशेब थोडासा हलवला. २०१३ मध्ये 'हेला' पेशींचा संपूर्ण जनुकसंच त्यांना न विचारता प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी हरकत घेतली. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने करार केला: ती माहिती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या गटात कुटुंबाचे प्रतिनिधीही बसतील. १ ऑगस्ट २०२३ रोजी, 'हेला'वर नफा कमावणाऱ्या एका बड्या कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. त्याला ७२ वर्षे लागली.

पूर्ण कृत्रिम पेशीत देणारा कोणी नाही, म्हणून संमतीचा प्रश्नच संपला, असे आता काही जण म्हणतात. हे अर्धसत्य आहे. पेशी कोणाच्या देहातून आली हा प्रश्न कदाचित संपेल. ती कोणाच्या देहात जाणार हा प्रश्न उरतो. आपल्या देशात याचा ताजा दाखला आहे. १९८० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू आहे हे दाखवले. हा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींतही सापडला. त्या ज्ञानातून लस झाली. लस चांगली आहे, ती मुलींना मिळालीच पाहिजे. पण २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत हजारो मुलींना ती अभ्यास-प्रकल्प म्हणून टोचली गेली. त्यात आदिवासी मुली, वसतिगृहात राहणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. कितीतरी संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नाहीत असे चौकशीत म्हटले गेले. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. बाल्टिमोरला १९५१ मध्ये न विचारता जे घेतले, त्यापासून तयार झालेले ज्ञान खम्ममला न विचारता दिले गेले.

किमतीचा प्रश्न तर उघडाच आहे. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले अशी असतात की ऐन परीक्षेत त्यांचे हातपाय ठणकू लागतात आणि ती पेपर अर्धा टाकून दवाखान्यात जातात. सिकलसेल. हायड्रॉक्सियुरिया या साध्या, स्वस्त औषधाचा साठा त्या महिन्यात होता की नाही, यावर त्यांचे वर्ष ठरते. याच आजारावर, रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांतील जनुक दुरुस्त करून परत देण्याचा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोक तपासण्याचे उद्दिष्ट ठरले. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत या आजारावर देशी जनुक-उपचाराचे काम चालू आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी रक्ताच्या कर्करोगावर घडवलेल्या पेशींचा देशी उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर करून घेतला. तो परदेशी उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्शाच्या किमतीत मिळतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. तो दहावा हिस्साही तीस-चाळीस लाखांच्या घरात होता. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला, तरी १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नव्हते. औषध मंजूर होणे आणि औषध मिळणे यांत तेवढेच अंतर असते.

धोक्याच्या बाजूने पाहिले तर शास्त्रज्ञ पुन्हा एकदा स्वतःहून बोलले आहेत, हे नोंदवले पाहिजे. सजीवांचे रेणू डावे-उजवे असतात, जसे आपले दोन हात. निसर्गातील प्रथिने एका हाताची, डीएनए दुसऱ्या हाताचा. हे सारे उलटे करून 'आरशातील' जीवाणू तयार करण्याची कल्पना काही प्रयोगशाळांत होती. असा जीवाणू आपल्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला ओळखताच येणार नाही आणि त्याला खाणारे विषाणूही नसतील, म्हणून तो तयारच करू नये, असे ३८ शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बजावले. त्यांतील केट अ‍ॅडमाला यांच्यासारख्या काहींनी स्वतः या दिशेने काम आरंभले होते. ते त्यांनी थांबवले. पुढच्या फेब्रुवारीत असिलोमारला पन्नास वर्षे झाली म्हणून त्याच ठिकाणी पुन्हा परिषद भरली.

आणि आपल्याकडे? पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये आपण घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव व पेशी यांच्याविषयी नियम केले. त्यांत प्रयोगशाळेपासून केंद्रापर्यंत समित्यांची उतरंड आहे. मेदाच्या निर्जीव पिशवीला या नियमांखाली जीव मानायचे की नुसते औषध, आणि ती एक दिवस वाढू लागली तर तिची फाईल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाणार, हे आज स्पष्ट करून घेतले पाहिजे. जेनेन्टेकचे जनुक ज्या फटीतून निघून गेले तसली फट येथे राहू नये. पण त्याहून मला त्या नियमांतील एक तरतूद महत्त्वाची वाटते. तीत प्रत्येक जिल्ह्यासाठी, जेथे गरज असेल तेथे, जिल्हास्तरीय समिती सांगितलेली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष. सभासद कोण, तर कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी, कृषी अधिकारी, सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचा अधिकारी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, महापालिकेचे आयुक्त. सारे खुर्चीमुळे आलेले. केंब्रिजच्या मंडळावरील ती जोगीण, तो तेलविक्या, ती वस्तीतील कार्यकर्ती, यांच्या जागी बसेल असा एकही माणूस या यादीत नाही. आशा कार्यकर्ती नाही, सफाई कामगार नाही, सिकलसेलच्या रुग्णाची आई नाही.

ज्या जिल्ह्यात जैवऔषधांचे कारखाने आहेत किंवा नव्या उपचारांच्या चाचण्या घेणारी रुग्णालये आहेत, तेथील विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. ही समिती आपल्या जिल्ह्यात स्थापन झाली आहे काय? तिची शेवटची बैठक केव्हा झाली? त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मिळेल काय? अर्ज मराठीत करता येतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.